जपान्या

वर्ध्याच्या रामनगरात कुठल्याही पोराला विचारा, "जपान्याचं घर कोणतं?" पोरगं हातातला पतंग न सोडता मानेनेच दाखवतं. शाळेच्या दाखल्यावर त्याचं चांगलं देवाचं नाव आहे, आधार कार्डावरही आहे. पण त्या नावाने हाक मारणारी आता फक्त त्याची आजी उरली आहे. वय तेवीस, इंजिनिअरिंग झालेलं. सध्या काय करतो, असं विचारलं की घरचे 'स्पर्धा परीक्षेची तयारी' म्हणतात, आणि विचारणाऱ्याच्या घरातही तसाच एक तयारी करणारा असल्यामुळे तो पुढचं काही विचारत नाही.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५च्या पुढे जातो, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं, तेव्हाही जपान्याच्या अंगात काळी हुडी असते. पाठीवर नारुतो नावाच्या ॲनिमे-हिरोच्या गावाचं पानाचं चिन्ह. केस कपाळावरून थेट डोळ्यांत. आई म्हणते, "एखाद्या दिवशी ट्रकखाली येशीन रे." तो म्हणतो, "आई, ॲनिमेतला हिरो केसातूनच पाहते." ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून ना, असं मी एकदा त्याला सहज विचारलं होतं. पुढचे बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना तो मोबाइलकडे बघत जायचा.

ॲनिमे पाहणारी पोरं आता हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत गल्लोगल्ली आहेत. जपान्या त्यांच्यात उठून दिसतो तो त्याच्या हळहळीमुळे. जे त्याने कधी पाहिलंच नाही, ते हरवल्याचं त्याला मनापासून दुःख आहे. ॲनिमॅक्स ही वाहिनी भारतात आली २००४ साली. तेव्हा जपान्या रांगायचं सोडून नुकता धावायला लागला होता, आणि त्यांच्या केबलवाल्याकडे ती वाहिनी नव्हतीच. तरीही "ॲनिमॅक्सचे दिवस गेले, काका," असं म्हणताना त्याचा आवाज जड होतो. टोकियोत १९७५ साली काही हौशी मंडळींनी कोमिकेट नावाचा बाजार सुरू केला. पहिल्या खेपेला ३२ गट आपापल्या हातांनी काढलेल्या चित्रकथा विकायला बसलेले, आणि यायला सातशेच्या आसपास माणसं. बाजार वाढत गेला, जागा बदलत गेल्या, आणि १९९६ साली तो बिग साइट नावाच्या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात गेला. आता तिथे लाखांनी गर्दी होते. जपान्याचं मत असं, की "बिग साइटले गेले ना काका, तवाच मजा गेली." याचा जन्म बिग साइटनंतरचा. पासपोर्ट अजून काढलेला नाही.

हा गुण पोराने बाहेरून आणलेला नाही. त्याचे वडील, आमचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेले. १९६९ साली वर्ध्यात पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा गुरुजी तीन वर्षांचे होते आणि आजोळी होते. २०२३च्या फेब्रुवारीत स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर शहाण्णवावं संमेलन भरलं, अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. गुरुजी रजा टाकून तिन्ही दिवस हजर. त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही वर्ध्यातच होतं, तिथेही हजर. दोन्ही मांडवांतली पुस्तकांची पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एकोणसत्तरची सर नाही."

बाप-लेकांचं भांडण मात्र रोजचं. एकदा गुरुजी म्हणाले, "आमच्या वेळेस पोरांसाठी चांगल्या मालिका होत्या. रविवारी सकाळी मोगली लागला की गाव सुनं व्हायचं." जपान्या याच क्षणाची वाट पाहत बसला होता. त्याने मोबाइलवर पुरावाच काढून दाखवला: दूरदर्शनवरचा १९९३ सालचा तो मोगली म्हणजे निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९ साली जपानमध्ये केलेली मालिका, चांगली ५२ भागांची. आपल्याकडे नुसतं हिंदी चढवलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्यातलं गाणं गुलजारचं होतं. गुलजार जपानी आहेत का?" एवढं बोलून त्यांनी सभा बरखास्त केली. गेली तीस वर्षं आपण ॲनिमेचे प्रेक्षक आहोत हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

खरं म्हणजे जपान आणि वर्धा यांची ओळख जपान्याच्या हुडीपेक्षा फार जुनी आहे. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्खू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. आपल्याकडे ते 'फुजी गुरुजी' झाले. त्यांच्या संघाचा एक भिक्खू सेवाग्रामात राहिला, डफ वाजवत प्रार्थना करत असे. जपान युद्धात उतरलं तेव्हा त्याला आश्रमातून नेण्यात आलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जे खुलं पत्र लिहिलं, त्यात त्या भिक्खूची आणि त्याच्या डफाची आठवण आहे. आश्रमाच्या प्रार्थनेत आजही जपानी बौद्ध मंत्र येतो. गीताई मंदिराशेजारी उभा असलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूपही त्याच संघाचा. हे सगळं मी जपान्याला एकदा ओट्यावर बसवून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, ते वेगळं जपान आहे."

तरी एकदा गेला होता स्तुपाकडे, जपानी बोलण्याचा सराव करायला. सूर्य मावळतीला लागलेला असताना तिथल्या भिक्खूंपुढे कमरेत वाकून "ओहायो गोझाइमास" म्हणाला, म्हणजे सुप्रभात. भिक्खूंनी तितकंच वाकून हिंदीत विचारलं, "कहाँ से आए हो?" हा म्हणाला, "रामनगर से." संभाषण तिथेच संपलं.

अशा माणसाच्या कानावर २०२४च्या अखेरीला बातमी आली, की कॉमिक कॉन पुण्यात भरणार: जानेवारी २०२५, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं मैदान. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्रकथा, सुपरहिरो, ॲनिमे, खेळ यांच्या चाहत्यांची ही जत्रा आपल्या देशात २०११ साली दिल्ली हाटात सुरू झाली. मुंबईची जत्रा बरीच वर्षं गोरेगावच्या नेस्कोत भरली, मग बीकेसीला गेली. नाव कॉमिकचं असलं तरी आता तिथे कितीतरी पोरं जपानी पात्रांच्या वेशात येतात आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच पोरी कोरियन गाणाऱ्यांच्या भक्त असतात. जपान्या यांपैकी कुठल्याच जत्रेला गेलेला नव्हता. गोरेगाव हार्बरवर आहे की वेस्टर्नवर, हेही त्याला नीट माहीत नव्हतं. पण नेस्कोचा कोणता दरवाजा कुठे उघडतो, रांग कुठे वळते, स्टेज कोणत्या भिंतीला असतं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा, कारण यूट्यूबवर त्याने तिथली एकूण एक चित्रफीत पाहिली होती. पुण्याची बातमी वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मैदानात? उघड्यावर? नेस्कोची सर नाही येणार, काका." आणि त्याच रात्री दोन्ही दिवसांचं तिकीट काढून मोकळा झाला.

मग सुरू झाली वेशाची तयारी. आपल्याकडे हा प्रकार नवा आहे असं समजायचं कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तर प्रसिद्धच आहे. लाकडी बैलाची दोरी हातात धरून पोरं सजूनधजून निघतात, वेशभूषेला बक्षिसं असतात. वर्ध्यात तर वेशभूषा म्हटलं की निम्मी पोरं गांधीजीच होतात. पंचा घरचा, काठी आजोबांची, न्हाव्याचा खर्च तेवढा वेगळा. जपान्याही चार वर्षांचा असताना गांधीजी झाला होता. बैलाचं चाक निघालं म्हणून भर रस्त्यात भोकाड पसरून बसलेल्या गांधीजींचा फोटो अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

या खेपेला त्याला व्हायचं होतं तांजिरो, 'डीमन स्लेअर'चा नायक. अंगावर हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा, कानात पत्त्यांसारखे लोंबणारे डूल, कमरेला काळी तलवार. झग्याचं कापड ऑनलाइन मागवलं तर यायला उशीर होणार होता. शेवटी मगन संग्रहालयातून खादी आणली, एक हिरवी, एक काळी. मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं ते खादी-ग्रामोद्योगासाठी. त्यातून तांजिरो निघेल हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नसेल. गोल बाजारातल्या टेलरने चौकटीचं चित्र पाहिलं आणि सरळ सांगितलं, "इतके तुकडे जोडत बसण्यापेक्षा चौकटीचा शर्ट रेडिमेड घेऊन टाक ना बावा." तेव्हा आजी पुढे सरसावली. गोधडीचे तुकडे जोडण्यात तिचा जन्म गेलेला. दुपारभर उन्हात बसून तिने एकेक चौकट जोडली आणि म्हणाली, "एवढ्या टाक्यांत तुह्या लग्नाची गोधडी झाली असती." कानाचे डूल एका लग्नपत्रिकेतून कापले. तलवार ओळखीच्या सुताराने करून दिली. त्याने मुठीवर हौसेने 'शुभ लाभ'ही कोरलं होतं, ते काळ्या रंगाखाली झाकावं लागलं.

माझी मुलगी पुण्यात असते. "तुम्ही जाऊनच राहिले, तर पोट्ट्यावर लक्ष ठेवा," म्हणून गुरुजींनी जपान्याला माझ्या स्वाधीन केलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. पिशवीत झग्याला घड्या पडतील म्हणून हा पठ्ठ्या वर्ध्यापासूनच तो अंगात घालून बसला. तलवार चादरीत गुंडाळून मांडीवर. पुलगाव आलं तशी त्याने ती चादर आणखी घट्ट केली. देशातला सर्वांत मोठा दारूगोळ्याचा साठा त्या गावात आहे, आणि आपल्या तलवारीची तिथे कुणी दखल घेईल अशी त्याला भीती वाटत होती की आशा, हे मला सांगता येणार नाही. पुढे एक आजीबाई समोर येऊन बसल्या, शेगावला निघालेल्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोणती दिंडी बाबा तुही?"

जपान्याच्या तोंडून सवयीने निघालं, "वॉटर ब्रीदिंग." ही तांजिरोची तलवारविद्या, पाण्याच्या चालीची.

"पाण्याची का? बरं आहे," आजीबाई म्हणाल्या. शेगाव आल्यावर उतरताना त्यांनी कनवटीचे दहा रुपये त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याच्या पाया पडल्या. जपान्या भुसावळपर्यंत एक शब्द बोलला नाही.

डेक्कन कॉलेज ही संस्था १८२१ सालची. टिळक इथे शिकले, सांकलियांनी आणि इरावती कर्व्यांनी इथे काम केलं. त्या आवारात सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फाटकापासून सुपरहिरो, भुतं, समुद्री चाचे आणि शाळकरी गणवेशातल्या जपानी पोरी शिस्तीत रांगेत उभ्या होत्या. आयुष्यभर 'तुला एकट्यालाच कसं रे हे वेड' असं ऐकलेली ती पोरं. इथे कुणीच कुणाकडे वळून बघत नव्हतं. मला ते फार आवडलं. जपान्याला नाही. आत शिरताच त्याने डोळ्यांवरचे केस बाजूला केले, पापण्या बारीक केल्या आणि मानेने नकार दिला.

"काय झालं?"

"झाडं आहेत."

"अरे, मग?"

"फोटोत मागे झाडं येऊन राहिली. नेस्कोत मागे काळा पडदा येते."

थोड्या वेळाने त्याला आभाळही खटकलं. मग गर्दी जास्त वाटली. मग एका बाजूला गर्दी कमी दिसली, तेही खटकलं. दरम्यान आसपास नजर टाकली तर डझनभर तरी तांजिरो फिरत होते, सगळे चमकणाऱ्या पॉलिस्टरचे. रामनगरातला एकमेव जपानी माणूस इथे घाऊक झाला होता. पण तितक्यात एका मुलीने त्याच्या झग्याची बाही चिमटीत धरली. "काय भारी कापड आहे! कुठून मागवलं?"

मी वाट बघत होतो, की आता वर्धा, मगन संग्रहालय, आजी, सगळं बाहेर येणार. जपान्या म्हणाला, "इम्पोर्टेड आहे."

दुपारी एका झाडाखाली, म्हणजे ज्याच्यावर त्याचा सकाळी आक्षेप होता त्याच झाडाखाली, त्याने दोन-चार शाळकरी पोरं जमवली. नेस्कोत कसं असायचं, दरवाजा कुठे, स्टेज कुठे, हे तो त्यांना हातवारे करून सांगू लागला. पोरं आ वासून ऐकत होती. शेजारी चाळिशीतले एक गृहस्थ गोकू नावाच्या ॲनिमे-हिरोच्या केशरी वेशात बसले होते, मांडीवर तसाच नटवलेला छोटा गोकू. ते हसून म्हणाले, "मी जायचो नेस्कोला. कितीतरी वर्षं. इथेच बरं आहे हो, तिथे एसीत माझी सर्दी जायची नाही. आणि स्टेज तुम्ही म्हणता त्या बाजूला नव्हतं."

क्षणभर मला वाटलं, आता जपान्या झग्यात तोंड लपवणार. माझा अंदाज चुकला. त्याने त्या गृहस्थांकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं.

"दादा, तुम्ही तिथं एन्जॉय केलं," तो म्हणाला. "मी अभ्यास केला."

गोकू निरुत्तर झाले. पोरांनी जपान्याकडे अधिक आदराने पाहिलं.

परतताना मी त्याला दगडी इमारतीकडे बोट करून सांगितलं, की इथे संस्कृतचा एक महाकोश चालला आहे. १९४८ साली काम हाती घेतलं, पस्तीसच्या आसपास खंड निघाले, आणि अजून 'अ' हे पहिलंच अक्षर चालू आहे. 'वन पीस' ही जपानी चित्रकथा १९९७ पासून चालू आहे, तिच्या मालिकेचे अकराशेच्या वर भाग झाले तरी गोष्ट संपत नाही, याचा जपान्याला मोठा अभिमान. तो जागीच थांबला. "सत्तर वर्षांच्या वर? एकच अक्षर?" त्याने तलवार दोन्ही हातांत आडवी धरली आणि त्या इमारतीला जपानी पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार केला. दोन्ही दिवसांत त्याने नावं न ठेवलेली ही एकच गोष्ट.

घरी जाताना त्याने भेट म्हणून रामुने नावाचं जपानी पेय घेतलं, हिरवट काचेची, गळ्यात खाच असलेली बाटली. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे बाटली बॅगेतून निघाली तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजींनी ती उजेडात धरून हलवली. आत गोटी खडखडली.

"अरे, हा तर गोटी सोडा! बजाज चौकात आठ आण्याला मिळायचा. किती दिले?"

जपान्याने आकडा सांगितला. गुरुजींनी दोन घोट घेतले, डोळे मिटले, आणि माझी खात्री होती तेच म्हणाले, "त्या सोड्याची सर नाही."

आता रामनगरात जपान्याला निराळीच प्रतिष्ठा आहे. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या, कुठल्या नव्या जागेतल्या जत्रेची बातमी आली की संध्याकाळी ओट्यावर पोरं जमतात. तो केसांतून त्यांच्याकडे बघतो आणि सांगतो, "बंदिस्त हॉल घेतला म्हणते. डेक्कन कॉलेजची सर नाही येणार. तिथं झाडं होती, बे. फोटोत मागे झाडं यायची." दहा-बारा वर्षांची ती पोरं, ज्यांनी पुणं सोडा, बडनेराही पाहिलेलं नाही, एकदम हळहळतात.

अशा माणसांची आपण थट्टा करतो, पण जत्रा काय आणि संमेलन काय, चालतं ते यांच्याच जिवावर. खूश होणारा माणूस एकदा येतो, फोटो काढतो आणि विसरतो. नावं ठेवणारा सगळ्यांत आधी तिकीट काढतो, सगळ्यांत शेवटी फाटकाबाहेर पडतो आणि पुढच्या वेळी तुलना करायला पुन्हा हजर राहतो. म्हणून अशा जत्रा भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: एकदा वर्ध्यात भरवा. स्वावलंबीचं मैदान आहे, वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन स्टेशनं आहेत, पाहुण्यांना खायला गोरसपाक आहे, आणि दारूबंदीमुळे गर्दी शुद्धीवर राहील. उद्घाटनाला माणसं कमी पडायची चिंता करू नका. गुरुजी आणि जपान्या पहिल्या रांगेत बसलेले असतील, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचंही मत तुम्हाला न विचारता कळेल.